सहदेवची पाठ

सहदेव घाडीगावकर या माणसाचा मला सहा-सात महिने सडकून हेवा वाटला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही वाकडं बोललो तर ते कुठून आलं हे कळेल.

हेवा वाटावा असं त्याच्याकडे काही नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटकुळा, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कुत्र्यांच्या पट्ट्यांचा गुंता. राहायला भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत. उलट मी, विद्याधर सबनीस, औषधांच्या कंपनीत पॅकिंग विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालेला. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट. एके काळी साठ माणसं माझ्या नुसत्या नजरेवर कामाला लागायची. पण आमच्या घरातलं पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू मला काडीची किंमत देत नव्हतं, आणि सहदेवनं एक बोट वर केलं की मुकाट खाली बसायचं. माझं पिल्लू, माझ्या घरात, माझ्यासमोर.

ते पिल्लू खरं म्हणजे माझा मुलगा निहार याचं. तो पवईला राहतो. त्यानं आणि सुनेनं हौसेनं लॅब्रेडॉर आणलं, दोघं दिवसभर ऑफिसात, पिल्लानं सोफ्याचा कापूस काढला. मग एका रविवारी पिल्लू, त्याची गादी आणि खाण्याचा डबा घेऊन स्वारी आमच्या दारात. "बाबा, थोडे दिवस ठेवा ना." थोडे दिवस म्हणजे किती, हे आईबापांना न सांगता कळतं. त्यांनी नाव ठेवलं होतं मॅक्स. मी दुसऱ्याच दिवशी ते फुटाणा केलं, कारण तापल्या वाळूत टाकल्यासारखं ते जागच्या जागी उडायचं.

माझी बायको क्षमा म्हणाली, "हे काही मला झेपणार नाही." तिचे गुडघे गेलेले. मी म्हटलं, मी आहे ना. आणि मी होतोच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी रोज सकाळी दूध आणि भाजी घेऊन परत यायचो आणि घरात कोणी मान वर करून बघायचं नाही. क्षमा आपली आतून विचारायची, कोथिंबीर मिळाली का. आता लॅचमध्ये किल्ली फिरली की आत नखांचा खडखडाट व्हायचा. दार उघडलं की पुढचे दोन्ही पाय थेट माझ्या छातीवर, शर्टावर चिखल, गालावर लाळ. कोणीतरी माझी वाट बघत होतं. मला फार आवडायचं ते, का खोटं बोलू?

पण फुटाणा सगळ्यांवरच उडायचा. वरच्या मजल्यावरच्या आजोबांवर उडाला. लिफ्टमध्ये केळीवाल्याच्या टोपलीवर उडाला. ताटातली पोळी उचलून पळायचा. क्षमाच्या साडीला लोंबकळायचा, आणि एकदा त्यानं तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पार बसवलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की उजवा गुडघा बदलावा लागेल. तारीख दिवाळीनंतरची दिली. निहार आला, एक्स-रे बघितला, फुटाण्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आईचं ऑपरेशन झाल्यावर हा असा उडाला तर वाट लागेल. दिवाळीपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर कर्जतला मित्राचं फार्महाऊस आहे, तिकडे सोडून येतो." मी म्हटलं, मी शिकवतो त्याला. महिनाभर शिकवलं. मी "सिट" म्हणायचो, तो उडायचा. मी ओरडायचो, त्याला वाटायचं खेळतोय. शेवटी क्षमानंच शेजारच्या मृणालिनीवहिनींकडून सहदेवचा नंबर मिळवला. मला न विचारता.

पहिल्या दिवशी सहदेव दारात आला तेव्हा फुटाण्यानं नेहमीसारखी त्याच्यावर झेप घेतली. सहदेवनं काय करावं? शांतपणे गिरकी घेतली आणि पाठ करून उभा राहिला. हात छातीशी बांधलेले, नजर जिन्याच्या भिंतीवर. फुटाणा त्याच्या पाठीवर उडाला, मांडीवर उडाला, भुंकला, रडला. सहदेव खांब. पाच मिनिटांनी फुटाणा थकून खाली बसला, आणि बसताक्षणी सहदेव वळला, वाकला, खिशातून उकडलेल्या चिकनचा कण काढून दिला आणि मालवणीत, पोटच्या पोराला म्हणावं तसं म्हणाला, "शाणो माझो झील."

मी म्हटलं, "कुत्र्याला मराठी कळत नाही, सिट म्हणा."

"तेका इंग्लिशपण खंय कळता?" सहदेव म्हणाला. "हात कळतो, तोंड कळतं. शब्द एकच ठेवायचा, काकानू, आणि घरात सगळ्यांनी तोच म्हणायचा. एवढंच."

त्यानं शब्द ठेवले तीन. बस. रव. घे. रव म्हणजे थांब, आणि घे म्हणजे सुटलास, आता तुझं. झालं, माझं कुत्रं मालवणी झालं. मी पार्ल्यात वाढलेला माणूस, आणि स्वतःच्या हॉलमध्ये उभा राहून पिल्लाला रव रव करायचो, आणि ते माझ्याकडे ढुंकून बघायचं नाही.

आणि क्षमा तर त्या माणसावर खूश. एकदा तो आला तेव्हा ती देवाला नैवेद्य दाखवत होती आणि मी फुटाण्याला गळपट्ट्याला धरून ओढत होतो. सहदेव म्हणाला, "काकू, याला ह्याच वेळी शिकवूया. तुमचा देव जेवेपर्यंत यानं थांबायचं." तेव्हापासून रोज दुपारी फुटाण्याचं ताट त्याच्या पुढ्यात ठेवायचं, त्याला रव म्हणायचं, आणि क्षमानं देवघरापाशी नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवून हात जोडेपर्यंत तो बसायचा. लाळ फरशीवर, शेपटी थरथर, पण बसायचा. मग ती म्हणायची, घे. तीन आठवड्यांत जमलं. क्षमा मला म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या नैवेद्याला इतकं मन लावून घरात कोणी बसलं नव्हतं." हे मला होतं. मी पेपरात डोकं घातलं.

त्यात भर म्हणजे दोघं गप्पा मारायचे. फिरवून आणल्यावर ती त्याला चहा द्यायची आणि तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसून आपलं सगळं आयुष्य तिला सांगायचा. मला कधी नाही. मी आत गेलो की आवाज बारीक. मग रात्री जेवताना क्षमा मला सांगणार. सहदेवचे वडील लालबागला गिरणीत होते, संपात नोकरी गेली ती गेलीच, आणि ते गावी निघून गेले. आईनं भांडुपला खोली घेऊन खानावळ चालवली. हा दहावी नापास, जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायला लागला. तिथंच कुत्र्यांची भाषा शिकला. पुढे एका सिक्युरिटी एजन्सीत, मॉलच्या दारात गाड्या हुंगणारी कुत्री असतात ना, ती सांभाळायला. तिथली विकी नावाची कुत्री सहा वर्षं त्याच्यासोबत होती. लॉकडाऊनमध्ये एजन्सी बंद पडली, कुत्री कुठं कुठं देऊन टाकली. विकीला घ्यायला पुण्याहून माणसं आली. ती गाडीत थांबेना. तीनदा उतरून सहदेवकडे परत आली.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं," क्षमा म्हणाली. "पाठ करून उभा राहिला. ती बसली, वाट बघितली, आणि मग गेली. तो म्हणाला, काकू, मी वळलो असतो तर ती गेली नसती."

"त्यानं स्वतःच का नाही ठेवली?"

"दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं, आणि नलिनीला, त्याच्या बायकोला, दमा. कुठं ठेवणार?" क्षमानं माझ्या पानात भात वाढला. "तुला ना विद्या, त्याचं काही कौतुकच नाही."

कौतुक कसलं? माझा जळफळाट होत होता. बायको त्याची, कुत्रं त्याचं, आणि मी आपला दूध आणणारा. फुटाणा आता माझ्यावर उडायचासुद्धा नाही. किल्ली फिरवून दार उघडलं की समोर शहाण्यासारखा बसलेला. सहदेवनं सांगितलं होतं, बसला की मगच हात लावायचा. मी हात लावायचो, तो हात चाटायचा, आणि दोन मिनिटांत आपल्या जागेवर जाऊन पडायचा. शर्ट स्वच्छ. मला तो स्वच्छ शर्ट बघून रडू यायचं.

मग मी एक धंदा सुरू केला. क्षमा अंघोळीला गेली की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचो, डब्यातली कालची पोळी काढायचो आणि तुकडा हवेत फेकायचो. फुटाणा उडून तोंडात झेलायचा. काय झेलायचा! एकही खाली पडू द्यायचा नाही. मग माझ्या अंगावर, छातीवर पाय, गालावर जीभ, अगदी पहिल्यासारखं. वीस मिनिटं तो माझा असायचा. बाथरूमची कडी वाजली की मी दार उघडायचो आणि पेपर घेऊन बसायचो. हे रोज चाललं, दोन महिने. सहदेवच्या तीन शब्दांतला एकही मी त्या खोलीत वापरत नव्हतो. ते मला मुद्दामच वापरायचं नव्हतं.

दिवाळी झाली, ऑपरेशन झालं, नीट झालं. पाचव्या दिवशी क्षमाला घरी सोडणार होते. आदल्या संध्याकाळी सहदेव मला म्हणाला, "काकानू, उद्या मला ठाण्याला काम आहे. काकू येतील तेव्हा फुटाण्याला आतल्या खोलीत बंद ठेवा. माणसं असतात, गडबड असते. परवा मी आल्यावर आपण भेटवू."

मी हो म्हटलं. आणि मनात म्हटलं, का रे बाबा? तू नसलास तर माझं कुत्रं माझ्या बायकोला भेटणार नाही? मला निहारसमोर दाखवायचं होतं. सबनिसांचा फुटाणा सबनिसांच्या शब्दावर बसतो, हे सगळ्यांनी बघावं अशी माझी इच्छा होती. सहदेव नसताना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लिफ्ट थांबली. वॉकर धरून क्षमा बाहेर आली, मागे निहार, हातात फायली. मी उंबऱ्याच्या आत फुटाण्याला बस म्हणून बसवलं, पट्टा माझ्या मनगटाला. आणि बसला पठ्ठ्या. शेपटीनं फरशी झाडत होता, पण बसला. निहार म्हणाला, "अरे वा, बाबा." माझी छाती फुगली. इतक्यात समोरच्या दारातून मृणालिनीवहिनी आल्या. आजारपणातून माणूस घरी आलं की उंबऱ्यात थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, ही आपली रीत. त्यांनी क्षमाला थांबवलं, भाकरीचा तुकडा तिच्या चेहऱ्यासमोरून तीनदा फिरवला, तांब्यातलं पाणी तिच्या डोळ्यांना लावलं, आणि तुकडा बाजूला जिन्याकडे फेकला.

हवेतून जाणारा तुकडा. दोन महिने मी त्याला दुसरं काय शिकवलं होतं?

पट्टा माझ्या मनगटातून कधी निसटला ते कळलंच नाही. फुटाणा उडाला तो सरळ वॉकरच्या दोन पायांमधून. वॉकर आडवा झाला, क्षमा मागे कलंडली, आणि निहारनं फायली टाकून तिला काखेत धरलं म्हणून ती फरशीवर आली नाही. ऑपरेशनचा पाय तिरका टेकला. ती ओरडली नाही, नुसती पांढरी पडली. फुटाणा जिन्यात भाकरी खात होता.

डॉक्टरांकडे परत नेलं, फोटो काढला. गुडघा शाबूत होता. पण निहारचं डोकं फिरलं होतं. संध्याकाळी त्यानं माझ्या आणि क्षमाच्या समोर सहदेवला फोन लावला, स्पीकरवर. "तीन महिने काय केलंत तुम्ही? आई पडली असती आज. रविवारी मी कुत्र्याला कर्जतला नेतोय, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मग सहदेव म्हणाला, "चूक माझी आहे. शिकवण कच्ची राहिली. काकूंना लागलं का?"

त्यानं माझं नाव घेतलं नाही. आतल्या खोलीत बंद ठेवा असं सांगितलं होतं, तेही बोलला नाही. आणि मी? मी मूग गिळून बसलो. वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. एकदा तरी तो चुकला, आणि क्षमानं ते ऐकलं, याचं बरं वाटलं. असा माणूस मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव तरीही आला. घरात नाही, खाली कंपाउंडमध्ये. मी फुटाण्याला घेऊन उतरलो होतो. त्यानं पिशवीतला टोस्ट काढला, तुकडा मोडला आणि हवेत फेकला. फुटाण्यानं उडून झेलला.

"हे मी शिकवलेलं नाही," सहदेव म्हणाला.

मी पट्ट्याचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

"दोन महिन्यांपासून मला ठाऊक आहे, काकानू. माझ्या हाताकडे बघायच्या आधी तो वर बघायला लागला. ज्याला कोणी वरून खायला टाकतं तोच तसं बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही टाकायचं बंद केलं असतं. मग त्याला तुमच्याकडे यायला काय कारण उरलं असतं?" तो खाली वाकून फुटाण्याचा पट्टा नीट करत होता. "मी तर जाणाराच माणूस. मला वाटलं, हळूहळू तुमचा तुम्हाला शब्द सापडेल. तिथं माझं चुकलं."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला म्हणून सांगू. माणसानं भांडावं की नाही? मला चार शिव्या द्याव्यात. चूक माझी होती आणि मोठेपणा तोही त्याच्याकडेच. मी तसाच वर गेलो. क्षमा पलंगावर बसली होती, निहार तिला गोळ्या देत होता. मी दोघांना सांगितलं. पोळीचं सांगितलं, स्वयंपाकघराच्या दाराचं सांगितलं, सहदेवनं बजावलं होतं तेही सांगितलं. निहार माझ्याकडे बघतच राहिला. क्षमानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

मग म्हणाली, "मी अंघोळीला गेले की पोळ्या कमी होतात हे मला कळत होतं, विद्या. मला वाटलं तू खातोयस." आणि थोड्या वेळानं, "माझ्या गुडघ्यापेक्षा तुला ते उड्या मारणं हवं होतं?"

मी म्हटलं, "कुत्र्याला घालवायचं तर घालवा. पण सहदेवचं चुकलं नाही." निहारनं आईकडे बघितलं. क्षमा म्हणाली, "माझा वॉकर सुटेपर्यंत थांबू. सहदेवना बोलाव. आणि या वेळी तू शिक."

सहदेव आला. त्याची अट एकच होती. "आता मी काही शिकवायचा नाही. खायला देणार नाही, हात लावणार नाही. तेका शिकवून झाला. आता तुमका शिकवूक व्हया." आणि तो हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीकडे तोंड करून, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला. तसाच रोज एक तास.

पहिले तीन-चार दिवस फुटाणा त्याच्या पाठीमागे जाऊन बसायचा. रडायचा. नाकानं पोटरीला ढोसायचा. सहदेव खांब. मी पोळीचा तुकडा हातात घेऊन मूर्खासारखा रव रव म्हणत उभा. पाचव्या दिवशी फुटाण्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. वर नाही, तुकड्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. खिडकीकडून सहदेव म्हणाला, "आता. लगेच." त्याला मागून कसं दिसलं देव जाणे. मी म्हटलं, घे.

मग तुकडा जमिनीवर ठेवून. मग सरकवून. मग फेकून. फेकल्यावर तो उडाला की मी पाठ फिरवायची, हात बांधायचे, भिंत बघायची. किती कठीण असतं ते. तो माझ्या पाठीवर पाय ठेवायचा, तेच पाय ज्यांच्यासाठी मी चोरून पोळ्या काढत होतो, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायचो. बाराव्या दिवशी तुकडा फेकला आणि तो बसून राहिला. सगळं अंग थरथरत होतं, पण बसून राहिला.

वॉकर सुटून काठी आली त्या दिवशी निहारला बोलावलं. क्षमा उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभी राहिली. मी फुटाण्याला बस म्हटलं, रव म्हटलं, पट्टा सोडून दिला. भाकरीचा तुकडा क्षमावरून मीच तीनदा ओवाळला आणि जिन्याकडे फेकला. फुटाण्याची मान तुकड्यामागे गेली, मागचे पाय ताणले गेले, आणि मग ती मान वळून माझ्याकडे आली. क्षमा त्याच्या शेजारून सावकाश घरात गेली आणि खुर्चीवर टेकली. मग मी म्हटलं, घे. निहार म्हणाला, "ठेवा बाबा. तुमचाच आहे."

सहदेव जिन्यात उभा होता, खालच्या पायरीवर. पाठ करून.

तो आमच्याकडे यायचा थांबला. पण फिरवायची कुत्री त्याची मुलुंडमध्येच. रोज सकाळी सात वाजता तीन-चार कुत्री घेऊन तो नवघर रस्त्यानं जायचा. आम्ही दिसलो की पलीकडच्या फुटपाथवर जायचा आणि एखाद्या दुकानाच्या बंद शटरकडे तोंड करून उभा राहायचा. फुटाणा थांबायचा, न सांगता बसायचा, आणि त्या पाठीकडे बघायचा. मग मी हाक मारायचो आणि तो यायचा. माझ्या एका हाकेवर. मी जिंकलो होतो. पहिला महिना मी त्याच खुशीत होतो.

पण रोज सकाळी ती पाठ. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. त्याची सोबतची कुत्री पट्टे ओढायची आणि हा शटरवरच्या जाहिराती वाचत उभा. मी काय मोठा दगड नाही. मला विकी आठवायची, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. आणि त्यातही हेवा. की या माणसाला हे जमतं, दर वेळी जमतं, आणि मला आयुष्यात एकदाच जमलं तर मी गावभर सांगत सुटलोय.

फेब्रुवारीतला एक रविवार. रस्त्यावर गाड्या नव्हत्या. सहदेव पलीकडे, पाठ करून. फुटाणा बसलेला, थरथरत. मी दोन्ही बाजूंना रस्ता बघितला, त्याला पलीकडच्या फुटपाथपर्यंत नेलं, वाकलो, पट्ट्याची कडी सोडली, आणि म्हटलं, "घे."

फुटाणा सुटला तो थेट सहदेवच्या पाठीवर. पुढचे दोन्ही पाय खांद्यांच्या खाली, शर्टावर मातीचे दोन ठसे. सहदेव हलला नाही. हात बांधलेले. मी मनात मोजत होतो, एक, दोन, तीन, आता हा वळायचा नाही. मग त्याचा एक हात सुटला आणि मागे आला, आणि फुटाण्याच्या कानापाशी थांबला. मग तो वळला, फुटपाथवर मांडी घालून बसला आणि फुटाण्यानं त्याचा सगळा चेहरा चाटून काढला. बाकीची कुत्रीही त्यात घुसली.

मला पुन्हा हेवा वाटला. अगदी तोच, पहिल्या दिवसाचा. तोंडात हाक आली होती. मी मारली असती तर फुटाणा आलाही असता, धावत, मला माहीत होतं.

"शिस्त बिघडवलात परत, काकानू," सहदेव माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याचा हात अजून फुटाण्याच्या कानावरच होता.

"असू दे," मी म्हटलं.

फुटाण्यानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी स्वतःलाच म्हटलं, रव. आणि मोकळा पट्टा हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.